चव आबांची, तोंड पाहुण्याचं

कोल्हापुरात आलेला पाहुणा कुणाकडे उतरलाय, याला आमच्या गल्लीत फारसं महत्त्व नाही. तो आबांच्या नजरेला पडलाय की अजून वाचलाय, एवढंच विचारलं जातं. माणूस रात्रभर ट्रॅव्हल्सच्या गाडीत अंग आखडून तावडे हॉटेलच्या थांब्यावर उतरतो, रिक्षानं शिवाजी पेठेत पोचतो, पिशव्या जिन्यात टेकवतो आणि तोंडावर पाणी मारेपर्यंत खालून हाक येते, "पाव्हणं कुठलं म्हणायचं?"

"पुण्याचं" म्हटलं की आबांच्या चेहऱ्यावर दया दाटते. "मुंबईचं" म्हटलं तर दयेत घाई मिसळते. मुंबईचा माणूस रात्री परतीच्या गाडीला बसणार, आणि तेवढ्यात त्याच्या पोटात मिसळ, तांबडा-पांढरा रस्सा, भेळ आणि म्हशीचं दूध, शिवाय डोक्यात नवा राजवाडा, खासबाग आणि रंकाळा एवढा ऐवज बसवायचा असतो. "इथलंच की, कागलचं" असं उत्तर आलं तर मात्र आबा पाठ फिरवतात. कागलच्या माणसाला काय दाखवायचं? त्याला सगळं माहीत असतं, आणि ज्याला माहीत आहे असा माणूस आबांच्या लेखी वाया गेलेला.

आबा महापालिकेच्या घरफाळा विभागातून निवृत्त झाले. उभी हयात लोकांच्या उंबऱ्यावर काढली. त्यामुळे कोल्हापूर त्यांना रस्त्यांनी नाही, उंबऱ्यांनी पाठ आहे. कुठल्या हॉटेलच्या भट्टीवर आधी कोण बसायचा, भावाभावांचं कशावरून वाजलं, वाटणीत गल्ला थोरल्याकडं आणि हात धाकट्याकडं कसा गेला, हे सगळं त्यांच्याकडे तोंडी सात-बारा असल्यागत तयार असतं. पायात कापशी चप्पल, अंगात पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन पेनं (एक चालणारं) आणि बुडाखाली एम-एटी. ही गाडी बजाजनं बनवायची केव्हाच थांबवली, आबांनी चालवायची थांबवलेली नाही. तिच्या मागच्या सीटवर आजवर आमच्या बँकेचे ऑडिटर, एक कीर्तनकार, गल्लीतल्या झाडून सगळ्यांचे जावई आणि वाट चुकलेलं एक जर्मन जोडपं (आळीपाळीनं) बसून गेलं आहे. मी त्यांचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. बदली होऊन आलो त्या दिवशी त्यांनी भाडं किती ते सांगायच्या आधी मिसळ कुठली ते सांगितलं.

आबांचा पहिला प्रश्न ठरलेला. "नाष्टा काय केलासा?" याला बरोबर उत्तर नाही. पोहे म्हणा, उप्पीट म्हणा, काहीच नाही म्हणा, आबा डोळे मिटतात. दुःख गिळतात. मग किक मारतात.

माझे सासरे आले होते तेव्हाचा प्रसंग सांगितल्याशिवाय आबा कळायचे नाहीत. सासरे नाशिकचे, मितभाषी, शिक्षक होते. शिक्षक मितभाषी असला की त्याच्या मनात काय चाललंय ते वर्ग संपेपर्यंत कळत नाही, हे आबांना ठाऊक नव्हतं. आम्ही उद्यमनगरात फडतरेंच्या मिसळीला गेलो. सकाळची वेळ, बाहेर माणसं उभी. आबांच्या मते रांग हाच मिसळीचा पहिला घास, तिथं भूक पिकते. त्या रांगेत त्यांनी सासऱ्यांचा अख्खा अभ्यासक्रम घेतला. सगळं एकदम कालवायचं नाही. कडेनं सुरुवात करायची. कट जास्तीचा मागायला लाजायचं नाही. लिंबू शेवटी. आणि मध्ये बोलायचं नाही, बोललं की तिखट लागतं.

ताटली आली. खाली मोडाची मटकी, तीवर बटाटा, मग चिवडा-शेवेचा डोंगर, कांदा, कोथिंबीर, आणि या सगळ्याला बुडवून वर तवंग धरलेला लाल कट. शेजारी स्लाइस ब्रेड. सासऱ्यांनी ब्रेडकडं पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "पाव नाही का?"

शेजारच्या टेबलावरचे दोघे वळून बघायला लागले. आबांनी त्यांना हातानंच 'बाहेरचे आहेत, जाऊ द्या' असं सांगितलं.

स्वतःसाठी आबा काही मागवत नाहीत. कधीच नाही. खुर्ची बरोबर पाहुण्याच्या समोर ओढतात, दोन्ही कोपरं टेबलावर रोवतात आणि मुलाच्या निकालाला आलेल्या बापासारखे पाहुण्याच्या तोंडाकडं बघत बसतात. पाहुण्यानं घास उचलला की आबांचे ओठ किंचित उघडतात. पाहुण्यानं गिळला की आबांचा कंठमणी खाली-वर होतो. पाहुण्याच्या वरच्या ओठावर घामाचा पहिला थेंब दिसला की आबा पाण्याचा ग्लास हळूच स्वतःकडं ओढून घेतात. "आत्ता न्हाई. चव मरती." सासऱ्यांचे डोळे पाणावले, कान लाल झाले, कपाळावर दहिवर जमलं. आबा खुलत चालले होते. ताटली रिकामी झाली. आबांनी ग्लास सोडला आणि विचारलं, "कशी हाय?"

"चांगली आहे," सासरे म्हणाले.

आबांचा चेहरा उतरला. चांगली? चांगली हवा असते. चांगला जावई असतो, दुसऱ्याचा. मिसळीला चांगली म्हणणं म्हणजे भरल्या मैदानात कुस्ती मारून आलेल्या गड्याला "तब्येत बरी दिसते" म्हणण्यातला प्रकार. आबांच्या मोजपट्टीवर दोनच खुणा आहेत, एक 'जगात भारी' आणि दुसरी 'त्यात काय न्हाई'. मधल्या जागेत कोण राहत असेल तर तो परगावचा.

तेवढ्यात सासऱ्यांनी तोंड पुसलं, चष्मा पुसला, आणि वर्ग सुरू केला. "आमच्याकडे या एकदा. काळ्या मसाल्याची असते. सोबत पापड."

"मिसळीला पापड?"

"आणि दही."

"पापड लग्नात असतोय, आण्णा."

"तुमचा ब्रेड दवाखान्यात असतो."

इथून पुढं मी तिथं नसतो तरी चाललं असतं. बिल देण्यापुरता होतो. बाहेर पडताना दोघे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून मोठमोठ्यानं भांडत होते. आजही सासऱ्यांचा फोन आला की माझी, मुलीची चौकशी उरकून ते विचारतात, "आबा काय म्हणतात?" दोघांपैकी कुणीही दुसऱ्याच्या गावची मिसळ अजून भारी म्हटलेली नाही. मैत्री त्यावरच टिकून आहे असा माझा कयास आहे.

खाण्याइतकंच आबांचं प्रेम बघण्याच्या जागांवर आहे. पण त्यांची मांडणी अशी की दोन खाण्यांच्या मध्ये जिरवायला एक जागा. मिसळीनंतर नवा राजवाडा. काळ्या दगडाचा, 1877 ते 1884 अशी सात वर्षं चाललेलं काम, आराखडा मेजर मँट या इंग्रजाचा. आबा एवढं सांगून पुढं जोडतात, "नकाशा त्येचा, दगूड आमचा." आतली पेंढा भरलेली जनावरं ते पाहुण्याला भरभर दाखवतात, कारण दीडला जेवायच्या ठिकाणी पोचलं नाही तर पांढरा संपतो.

टाउन हॉलच्या संग्रहालयात मात्र ते थांबतात. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खनन झालं त्यात समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती निघाली, ती इथं आहे. मूर्तीच्या काळी पंचगंगेच्या काठाचा रोमच्या बाजारपेठेशी संबंध होता, असा विद्वान तिचा अर्थ लावतात. आबांचा अर्थ वेगळा नाही, जरा पुढचा आहे. "समुद्राचा देव. त्येला समुद्र सोडून हितं यायचं काय कारण? कुणीतरी सांगितलं असणार." हे 'कुणीतरी' म्हणजे आबांचेच पूर्वज. रोमच्या व्यापाऱ्याला तावडे हॉटेलपाशी गाठून ब्रह्मपुरीला नेणारा एक आबा त्या काळीही असणार, यावर माझाही आता विश्वास बसत चाललाय.

अंबाबाईच्या देवळात ते किरणोत्सवाचं सांगतात. नोव्हेंबरात 9, 10, 11 आणि पुन्हा 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी, असे मावळतीचे किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. सगळा समूह श्वास रोखून उभा असतो, घंटा वाजतात, अंगावर काटा येतो. आबा एका पुणेकराला हे सांगताना मी ऐकलंय. "सूर्य वर्षातनं दोनदा येतोय बघा. तुम्ही कवा आला हुतासा मागं?"

रंकाळ्यावरचा नंदी रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो, तो तळ्याला पोचला की जगबुडी, अशी जुनी समजूत आहे. एका चिकित्सक पाहुण्यानं विचारलं, "मग अजून किती अवकाश आहे?" आबांनी नंदीपासून पाण्यापर्यंत नजरेनं माप घेतलं. घरफाळ्यातली सवय. म्हणाले, "जेवण हुतंय की निवांत."

2025 च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यात पन्हाळाही आला. गल्लीत पेढे वाटले गेले. आबांनी पेढा घेतला, पण त्यांना फार नवल वाटलेलं नव्हतं. "आम्ही कवाधरनं सांगालोय. त्येंनी आत्ता ऐकलं." त्याच वर्षीच्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीनं कोल्हापुरीसारखी दिसणारी चप्पल मॉडेलांच्या पायात घालून चालवली, नाव कोल्हापूरचं घेतलं नाही, त्यावर देशभर आरडाओरडा झाला, मग कंपनीनं भारतीय कारागिरीचं ऋण मान्य केलं. पेठेत सगळे चिडले होते. आबाही चिडले होते, पण त्यांचं दुखणं निराळं. "इचारायचं तरी! मी दुकान दावलं असतं. आता बघा, फशिवलं कुणीतरी त्येंना." लाखभर किमतीची बातमी वाचून त्यांची खात्रीच पटली की बिचाऱ्यांना कोणी माहीतगार भेटला नाही.

चप्पल घेऊन देताना आबांचा खरा कस दिसतो. पाहुणा पाटी बघतो, आबा हात बघतात. दुकान कुणाचंही असो, शिवली कुणी ते विचारतात. चप्पल उचलून तळ अंगठ्यानं दाबतात, वेणी नखानं उचकटून बघतात, टाका मोजतात, नाकाशी नेतात. चामड्याचा वास कच्चा आला तर एक शब्द न बोलता परत ठेवतात. पसंत पडली तर पाहुण्याच्या पायात घालून त्याला दुकानाबाहेर चालायला लावतात, आणि आवाज ऐकतात. डोळे मिटून. करकर मनाजोगती आली तर "बांधा." पाहुण्याच्या टाचेला काय वाटतंय हा प्रश्न तिथं निघत नाही, नवी कोल्हापुरी चावतेच, तेल घाला, आठवड्यात सरळ होईल. 2019 मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे धरले गेले. आबांना विचारलं तर म्हणतात, "करू द्या की आठ जिल्ह्यांनी. नाव कुणाचं हाय?"

रात्री गंगावेशीचा दूध कट्टा. याची पूर्वकल्पना आबा मुद्दाम देत नाहीत. मुंबईचा पाहुणा 'दूध प्यायला जाऊ' म्हटल्यावर फ्रीज, मसाला, बदामाचे काप असं काहीतरी मनात धरून येतो. इथं रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या. गवळी उकिडवा बसलेला. समोरच धार काढायची, फेसासकट ग्लास भरायचा आणि हातात द्यायचा. ग्लास कोमट असतो. माझ्या एका मुंबईकर मावसभावानं तो कोमट ग्लास हातात धरून म्हशीकडं पाहिलं, म्हशीनं त्याच्याकडं पाहिलं, आणि तो मला हळूच म्हणाला, "उकळून मिळेल का?" आबांनी ऐकलं. त्या रात्री ते पहिल्यांदा कुणावर तरी रागावलेले मी पाहिले. पण लगेच सावरले, गवळ्याला म्हणाले, "आजारी हायत पाव्हणं, ऱ्हाऊ दे," आणि तो ग्लास मला प्यायला लावला.

आता या माणसाची एक खोड सांगितली पाहिजे. एखादं ठिकाण आबांनी तुम्हाला दाखवलं, तुम्हाला ते मनापासून आवडलं, तुम्ही चार जणांना घेऊन पुन्हा तिथं गेलात, आणि येऊन आबांना कौतुकानं सांगितलंत, तर आबा म्हणतात, "पूर्वीची चव न्हाई राहिली आता." पूर्वीची म्हणजे केव्हाची? गेल्या महिन्यातली. तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं ना. गर्दी झाली, बाहेर मोटारी लागायला लागल्या, भिंतीवर नटनट्यांबरोबरचे फोटो चढले की आबा तिथून उठतात आणि नवा उंबरा शोधतात. एखादी आजी परसात सहा ताटं वाढते असं कळलं की त्यांना हुरूप येतो. मग ते बोळातून बोळ काढत पाहुण्याला नेतात आणि बजावतात, "कुणाला सांगू नका." स्वतः मात्र संध्याकाळपर्यंत निवृत्ती चौकापासून मिरजकर तिकटीपर्यंत सगळ्यांना सांगून येतात. पंधरवड्यात आजीच्या दारात मोटारी लागतात. आजीची चव बिघडली असं आबा जाहीर करतात. आजीला याचा पत्ता नसतो, ती बिचारी तीच चव वाढत असते आणि चार पैसे जास्त मिळतात म्हणून आबांना दुवा देत असते. उगाच नावं ठेवण्यापेक्षा हा दोष मला परवडतो. गावातली किती छोटी हॉटेलं असल्या बोलघेवड्यांच्या जिभेवर तगली असतील!

मंगळवार पेठेत आबांच्याच वयाचे एक दादा आहेत. फुटबॉलमध्ये त्यांचा संघ वेगळा, मिसळ वेगळी, चपलेचं दुकान वेगळं. पांढरा आधी प्यायचा की तांबड्यानंतर, यावर दोघांत वितुष्ट आहे. पांढरा म्हणजे मटणाचं अळणी, नारळाचं दूध, तीळ-खसखस-काजू. तो पोटाला अस्तर लावतो म्हणून आधी, हे आबांचं शास्त्र. तो तांबड्यानं पेटलेली जीभ विझवतो म्हणून नंतर, हे दादांचं. एका पाहुण्याला दोघांच्या मध्ये बसावं लागलं होतं. त्यानं दोन्ही वाट्या एकदम तोंडाला लावायचा मार्ग काढला. दोघांनीही त्याला पुन्हा कुठं नेलं नाही.

आबांचा आवाज एकाच ठिकाणी खाली येतो. भाऊसिंगजी रोडवरून जाताना ते गाडी हळू करतात आणि गंगाराम कांबळ्यांची गोष्ट सांगतात. गंगाराम राजवाड्याच्या चाकरीत होते. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारलं गेलं. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना चाकरी सोडून स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. त्यांनी चहाचं हॉटेल काढलं. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराजांनी आपली गाडी त्या हॉटेलापुढं थांबवायला सुरुवात केली. तिथला चहा स्वतः घ्यायचा आणि बरोबरच्या सरदार-अंमलदारांनाही घ्यायला लावायचा. छत्रपतींसमोर नको म्हणायची कुणाची छाती? "राजानं हॉटेल दावलं," आबा म्हणतात, "आपण काय, बोट दाखवतोय." अमुक ठिकाणचा चहा पिऊन बघा, हे वाक्य या गावात एकेकाळी राज्यकारभाराचा भाग होतं. हे ऐकल्यापासून मी आबांना अतिशयोक्तीबद्दल टोकणं सोडून दिलंय. महाराजांनी उभारलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आताचं केशवराव भोसले नाट्यगृह, 2024 च्या ऑगस्टमध्ये आगीत जळालं, तेव्हा आबा आठवडाभर कुणाला काही दाखवायला बाहेर पडले नव्हते. राजाभाऊंच्या भेळेकडं जायचा रस्ता तिथूनच जातो, म्हणून भेळही बंद होती.

काकी, म्हणजे आबांच्या मंडळी, हे सगळं उंबऱ्याच्या आतून ऐकत आल्या. त्यांच्या हाताला अशी चव आहे की आमटीचा वास वर आला की माझी बायको आमची भाजी झाकून ठेवते. आबांनी त्या आमटीबद्दल जाहीर मत दिल्याचं कुणी ऐकलेलं नाही. एकदा मी सहज विचारलं, "काकी, फडतरेंची मिसळ तुम्हाला कशी वाटते?" त्या लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला कवा नेलंय? मी काय पाव्हणी हाय?"

आबा पेपरात तोंड घालून बसले. पान उलटायचं विसरले.

गेल्या पावसाळ्यात आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुण्याला झालं. मुलगा कोथरूडला असतो, लिफ्टची सोय, म्हणून दोघांनाही तिकडं नेलं. एम-एटी माझ्या ताब्यात आली, रोज एकदा सुरू करून बंद करायच्या अटीवर. पहिल्या आठवड्यातले फोन करुण होते. मिसळीत गोडवा असतो. दुकानं दुपारी झोपतात. दूध पिशवीतनं येतंय, म्हस कुठं असती ते कुणालाच ठावं न्हाई. शेजारच्या फ्लॅटात कोण राहतंय ते विचारलं तर मुलगा म्हणतो, बाबा, असं विचारत नाहीत. मला वाटलं, माणूस खंगणार.

मग फोन विरळ झाले. पुढच्यात आवाज बदललेला. "साहेब, फिजिओवालीनं चालाय सांगितलंय. चालत चालत गेलो, तर कोपऱ्यावर एक अमृततुल्य हाय." पुढची दहा मिनिटं मी पितळी पातेल्याबद्दल ऐकलं. आलं कसं कुटतो, वेलदोडा कधी टाकतो, फडक्यातून गाळताना हात किती उंच नेतो, गल्ल्यावरच्या मालकाच्या आजोबांचं गाव कुठलं. वॉकर घेऊन गेलेल्या माणसानं आठवड्यात अख्खं घराणं काढलं होतं. आणि तळमजल्यावरच्या एका गृहस्थांना, जे सदाशिव पेठेत जन्मले, तिथंच शिकले आणि चहा पित पित म्हातारे झाले, त्यांना दंडाला धरून आबा त्या अमृततुल्यात घेऊन गेले होते. समोर बसून त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले होते. "काय म्हणाले ते?" मी विचारलं. "म्हणाले, असू दे. म्हंजे त्येंच्यात लई भारी म्हणत्यात तसं."

नवं गाव, त्यात घरात दुसरं कुणीच माणूस नवखं नाही. मुलगा-सून तिथलीच झालेली, नातवंडं पिझ्झ्याची. शोधून शोधून आबांना पुण्यात एकच पाहुणी सापडली. एका संध्याकाळी ते काकींना घेऊन अमृततुल्यात गेले. हे मला आबांनीच फोनवर सांगितलं, जरा अडखळत. कोपरं टेबलावर ठेवली. कप आला. काकींनी पदरानं धरला, फुंकर मारली, घोट घेतला. आबांचा कंठमणी खाली-वर झाला. "कसा हाय?"

काकींनी दुसरा घोट घेतला, जरा वेळ तोंडात धरला. मग उठल्या, थेट भट्टीपाशी गेल्या आणि त्या पोराला म्हणाल्या, "वेलदोडा आधी घालालायस. आलं उकळू दे, मग घाल. आणि साखर तळाला बसलीया."

त्या पोरानं दुसऱ्या दिवशी तसं केलं म्हणे. चहा बदलला म्हणे. आता कोथरूडच्या त्या कोपऱ्यावर काकी रोज संध्याकाळी जातात, सोसायटीतल्या दोन-तीन बायकांना घेऊन, आणि वाटेतल्या भाजीवालीपासून खवा विकणाऱ्या दुकानापर्यंत कुणाचा माल घ्यायचा ते त्यांना सांगतात. आबा वॉकर टेकत मागून असतात.

"तिला कळतंय बरं का," आबा फोनवर म्हणाले. एवढं जाहीर मत मी प्रथमच ऐकत होतो. तेवढ्यात पलीकडून फोन ओढून घेतल्याचा आवाज आला.

"साहेब, पुण्याला आलासा की आधी मला फोन करायचा," काकी म्हणाल्या. "ह्येंच्या मागनं जाऊ नका. ह्येंना पुण्यातलं काय बी कळत न्हाई."